एकाच हाताचा कुत्रा

रामकृष्ण देवतळे यांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात दुसऱ्यांची हजेरी मांडली. सकाळी भोंगा वाजायच्या आधी फाटकाशी टेबल टाकून बसायचं आणि भोंगा थांबल्यावर जो कोणी धापा टाकत येईल त्याच्या नावापुढे लाल शाईने अर्धा दिवस कापायचा, एवढंच काम. कोणाच्या सायकलची चेन तुटलेली असे, कोणाची बायको बाळंत होत असे, एकाचा तर बाप रात्री वारला होता आणि तो फक्त सुट्टी सांगायला आला होता. देवतळ्यांनी त्याचाही अर्धा दिवस कापला. वर अख्ख्याऐवजी अर्धाच कापला म्हणून घरी येऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली. माणूस लबाड नव्हता, कोणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही. असल्या सरळ माणसांचीच मला जास्त भीती वाटते.

निवृत्त झाले तेव्हा हार पडला, नारळ मिळाला, आणि आठवड्याभराने पंडरीच्या कापडबाजारात जुन्या खात्यातले तिघं समोरून येताना दिसले. तिघांनीही दुकानातल्या चादरींकडे तोंड फिरवलं. देवतळे घरी येऊन बायकोला म्हणाले, "लोकं बेइमान असतात."

त्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या समता कॉलोनीत त्यांच्या घरी बायको कुमुद होती आणि मुलगी राधिका. राधिका शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या कुठल्याशा सरकारी कार्यालयात होती. सकाळी आठच्या बसने जायची, सातला परत यायची आणि फाटकातूनच हाक मारायची, "आई!" बापाने मराठीत काही विचारलं तर हिंदीत दोन शब्द टाकून ती आत जायची. भाजीवाली कुमुदशी बोलायला थांबायची, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर तिला "दीदी" म्हणून रस्ता ओलांडून यायचा, शेजारणी तर रोजच्याच. देवतळे व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले असत. येणारा प्रत्येक जण त्यांना नमस्कार करी आणि बाजूने आत जाई. चौतीस वर्षं त्यांना न विचारता कोणी फाटकातून आत गेलं नव्हतं, आणि आता स्वतःच्या घराच्या फाटकात ही गत.

म्हणून त्यांनी कुत्रा आणला. नागपूरच्या मावसभावाकडून, दोन महिन्यांचा, काळ्या पाठीचा अल्सेशियन. नाव ठेवलं मेजर. त्याला फिरवायचं त्यांनी, आंघोळ त्यांनी घालायची, सुया टोचायला त्यांनीच न्यायचं. पोट्टं वाढलं, देखणं झालं, कॉलोनीत लोक वळून बघू लागले. पण संध्याकाळी स्वयंपाकघरातून तव्याचा वास आला की मेजर देवतळ्यांच्या हातातली साखळी हिसकून आत पळायचा.

कुमुदच्या माहेरी, अचलपूरला, तव्यावरची शेवटची पोळी कुत्र्याची असायची. तिने ती रीत इथेही चालवली. शेवटची पोळी जरा जाड लाटायची, तिला तूप लावायचं, चार तुकडे करायचे आणि उंबऱ्यात बसून म्हणायचं, "ये रे बाळू." ती त्याला मेजर कधी म्हणालीच नाही. बाळू एकेक तुकडा इतक्या हळू उचलायचा की तिच्या बोटाला दात लागत नसे. मग तिच्या पावलांवर हनुवटी टेकून पडून राहायचा. देवतळे हे व्हरांड्यातून पाच वर्षं बघत होते. सुया त्यांनी टोचून आणाव्या आणि हनुवटी तिच्या पायावर, हे त्यांच्या पोटात रुतून बसलं होतं.

त्यात मागच्या गल्लीत चोरी झाली. चोरांनी आधी त्या घरच्या कुत्र्याला विष घातलेलं मटण टाकलं होतं. कॉलोनीतले कुत्रेवाले हादरले. देवतळेही हादरले, पण खरं सांगायचं तर त्यांना आतून बरं वाटलं. जे करायचं मनात होतं त्याला आता निमित्त सापडलं होतं.

शहराजवळच्या उरल्याच्या कारखान्यांमध्ये आवारावर सोडायचे कुत्रे तयार करणारा गौतम नावाचा एक माणूस होता. पस्तिशीचा, मूळ नागपूरचा. देवतळ्यांनी बोलावलं तसा तो मोटारसायकलवर एक डबा घेऊन आला. डब्यात काळा पट्टा होता. पट्ट्याला आतून धातूच्या दोन बोथट खुंट्या, त्या गळ्याच्या कातडीला टेकतात. सोबत मुठीत मावेल असा रिमोट. त्यावर एक ते शंभर आकडे आणि एक बटण. बटण दाबलं की खुंट्यांतून विजेचा झटका बसतो, आकडा जितका मोठा तितका जोराचा.

"परक्याच्या हातचं घेतलं की आधी 'नाई' म्हणाचं आन् मंग दाबाचं," गौतमने समजावलं. "तुमी 'घे' म्हटलं तरच त्यानं खाल्लं पाह्यजे. हात बी तुमचा, शब्द बी तुमचा. आकडा दहा-बाराच्या वर नेऊ नका साहेब, तेवढ्यात समजते त्याले."

कुमुद दारात उभी होती. ती म्हणाली, "मले पाहू द्या बरं, किती लागते ते." तिने बांगड्या मागे सारल्या आणि खुंट्या मनगटावर धरल्या. देवतळ्यांनी रिमोट हातात घेतला, आकडा तीसवर नेला आणि दाबला.

तिचा हात खांद्यापासून उडाला, पट्टा फरशीवर पडला.  हात पदरात गुंडाळून ती नवऱ्याकडे बघत राहिली. गौतमने खाली मान घालून पट्टा उचलला, पुसला. देवतळे म्हणाले, "एवढंसं तर होते. काही मरत नाई कोणी." त्यांच्या मुठीत रिमोट होता आणि मूठ घामाने ओली झाली होती. कितीतरी वर्षांनी त्यांना ते फाटकाजवळचं टेबल आठवलं होतं.

आठ दिवस गौतम रोज आला. कधी दूधवाल्याला, कधी कंपाउंडरला फाटकातून बिस्किट टाकायला सांगायचा. मेजर ते तोंडात घ्यायला वाकला की "नाई", आणि गळ्यात झटका. चौथ्या दिवसापासून मेजर बिस्किटाकडे बघेनासा झाला. जाताना गौतम एक गोष्ट बजावून गेला. "साहेब, दोन हात ठेवजा. तुमचा आन् काकूंचा. एकाच हातावर कुत्रा कधीच ठेवू नाई. आमी कारखान्यात बी दोन ठेवतो. माणसाचा काय भरोसा, उद्या तुमी गावाले गेले तं?"

"मी कुठी जात नाई," देवतळे म्हणाले. "आन् कुत्र्याले मालक एकच असते."

त्या संध्याकाळी कुमुदने शेवटची पोळी लाटली, तूप लावलं, उंबऱ्यात बसली. "ये रे बाळू." बाळू आला, शेपटी हलवत, मान तिरकी करून. ही घरची होती, इथे भ्यायचं कारण नव्हतं. देवतळे खुर्चीत पेपर उघडून बसले होते आणि रिमोट पेपरखाली होता. तुकडा दातात आला तेव्हा ते "नाई" म्हणाले आणि दाबला.

कुत्रा केकाटून मागे कोसळला. उठला, आणि देवतळ्यांकडे नाही, तिच्याकडे बघू लागला. त्याच्या लेखी जे झालं ते तिच्या बोटांतून झालं होतं. देवतळ्यांना हे अपेक्षित नव्हतं, पण दिसलं तेव्हा फार आवडलं.

"काहून केलं असं?" कुमुद म्हणाली. "मी काय परकी हाओ त्याले?"

"चोर काय पाटी लावून येतात काय वं? नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा प्रयत्न केला. बाळू पोटावर सरपटत आला, तुकडा हुंगला, लाळ गळली, आणि भूक जिंकली. आकडा तेव्हा पंचविसावर होता. तिसऱ्या दिवशी तिने हाताने न देता पोळी भांड्यात ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिली. देवतळ्यांनी भांड्यावरही दाबला. सातव्या दिवशी तव्याचा वास आला तसा मेजर स्वयंपाकघराच्या दारापासून उठला आणि फाटकाशी भिंतीकडे तोंड करून बसला. कुमुदने हाक मारली तेव्हा त्याच्या कातडीवर शहारा आला. ती पोळी तिने गल्लीतल्या कुत्र्यांना टाकली आणि आत जाऊन चूल पुसत बसली. ती रडत होती हे देवतळ्यांना कळलं. जिंकलेल्या माणसाने जेवढी दया करावी तेवढी करून ते तिला म्हणाले, "त्याच्या भल्यासाठीच हाय."

गौतमने शिकवलं नव्हतं तेही मग त्यांनी शिकवलं. आपल्या हातात पोळी धरायची आणि बोलायचंच नाही. मेजर शब्दाआधी पुढे झाला की दाबायचा. आधी अर्धा मिनिट, मग दोन, मग पाच. शेवटी तर ते हात तसाच धरून अख्खा पेपर वाचायचे आणि कुत्रा त्यांच्या ओठांवर नजर लावून बसलेला असायचा, लाळेची तार जमिनीपर्यंत. मग म्हणायचे, "घे." मेजर गिळायचा, आणि त्यांच्या पायावर हनुवटी ठेवायचा. कारण आता ठेवायला दुसरे पाय उरले नव्हते.

रविवारी लोक बघायला येऊ लागले. समोरच्या वकिलाने मटणाची फोड आणली, कोणी पेढा. मेजर सगळ्यांसमोरून मान फिरवायचा. "सौ परसेंट," देवतळे म्हणायचे, "दुनियेत एकाच माणसाचं ऐकते तो." लोक टाळ्या वाजवायचे. एकदा राधिकाने सवयीने त्याच्यापुढे टोस्टचा तुकडा केला आणि यांनी साठावर नेऊन दाबला. कुत्रा तिच्या पायाशीच मुतला. "बाबा, पागल हो गए हो क्या?" ती किंचाळली आणि दोन महिने बापाशी बोलली नाही. देवतळ्यांना ते फारसं जाणवलं नाही, कारण ती आधीही बोलत नव्हतीच. ते चार-पाच महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. उचलायला गेले तर हात हलेना. मग पाय गेला, आणि ते बेसिनखाली पडले. कुमुदला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. निघालं ते भलतंच.

इस्पितळात शुद्ध आली तेव्हा उजवी बाजू लाकडाची झाली होती. डॉक्टरांनी नाव विचारलं. देवतळ्यांना नाव माहीत होतं, बापाचं माहीत होतं, कारखान्यातला हजेरी क्रमांकही माहीत होता. तोंडातून आलं, "नाई." पाणी हवंय का? "नाई." ही कोण? ही तुमची मुलगी ना? "नाई." डॉक्टरांनी राधिकाला बाजूला नेऊन सांगितलं की असं होतं, मेंदूचा तो भाग गेला की कधीकधी एखादाच शब्द मागे राहतो, माणूस आयुष्यभर जो वापरत आला तो. बाकीचे शब्द आत असतात, बाहेर येत नाहीत. तिसऱ्या दिवशी सिस्टरने खिचडीची वाटी पुढे केली आणि विचारलं, "खाओगे दादा?" ते पोटात कावळे ओरडत असताना "नाई, नाई" म्हणाले. ती वाटी उचलून घेऊन गेली. ते दुपारपर्यंत दाराकडे बघत राहिले.

पाचव्या दिवशी कुमुद उशाशी बसली. डोळे सुजलेले होते. "बाळू खाऊन नाई राहिला," ती म्हणाली. "तुमाले आणलं तवापासून. पट्टा काढून फेकला मी. हातानं देल्लं, भांड्यात ठेवलं, घर बंद करून बाहेर जाऊन बसलो. तोंड नाई लावत, पाणी बी नावालेच पेते. नुसता फाटकाकडे पाहून राहते."

ते ऐकलं आणि, विचार करायच्या आधीच, देवतळ्यांना बरं वाटलं. इतकं बरं त्या पलंगावर त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. अख्ख्या जगात एक जीव होता जो त्यांच्यावाचून घास घेत नव्हता. चेहऱ्याची जी बाजू जिवंत होती ती वर गेली.

कुमुदने ते पाहिलं. "हसून राहिले काय तुमी?" ती हळूच म्हणाली.

"नाई," देवतळे म्हणाले. हे एक उत्तर त्यांनी मनाजोगं दिलं, पण तेही खोटं होतं.

आठव्या दिवशी राधिकाने बापाला मोबाइलवर मेजर दाखवला. बरगड्या मोजता येत होत्या. मागचे पाय थरथरत होते. जनावरांच्या डॉक्टरने सलाईन लावलं होतं, ते मेजरने दोनदा उपसून काढलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या जाताहेत, पोटात अन्न गेलं नाही तर संपलं. गौतम उरल्याहून आला होता, त्यानेही हातपाय मारून पाहिले. मग त्याला देवतळ्यांचा रविवारचा एक व्हिडिओ सापडला, तो लावून बघितला. व्हिडिओतून "घे" ऐकू आल्याबरोबर मेजर धडपडत उठला, घरभर शोधत फिरला, न्हाणीघराचं दार खरवडलं आणि शेवटी फाटकाशी जाऊन कोसळला. त्याला हातही लागत होता आणि शब्दही, दोन्ही एका माणसाचे.

आता मात्र देवतळ्यांना हसू आलं नाही. त्या रात्री ते डोळे मिटून जिभेला कामाला लावत होते. घे. घे. घे. इतका छोटा शब्द. आतमध्ये अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

राधिकाने डॉक्टरांच्या हातापाया पडून दहाव्या दिवशी त्यांना घरी आणलं. चाकाची खुर्ची व्हरांड्यात ठेवली. भिंतीशी पडलेल्या मेजरने नाक वर केलं. उठता येईना, तर पोटावर सरपटत आला. शेपटी फरशीवर दोनदा आपटली. त्याने हनुवटी देवतळ्यांच्या उजव्या पावलावर ठेवली, म्हणजे जिथे त्यांना काहीच कळत नव्हतं तिथे.

कुमुदने पोळी केली होती. तूप लावून, दुधात कुस्करून, मऊ. एक घास तिने नवऱ्याच्या डाव्या हातात दिला आणि तो हात कुत्र्याच्या तोंडापाशी नेला. गौतम, राधिका, कंपाउंडर, सगळे भोवती उभे होते. मेजरने घास हुंगला. तोंडाला पाणी सुटलं. मग त्याने शिकवल्याप्रमाणे नजर वर केली आणि मालकाच्या ओठांवर लावली.

देवतळ्यांनी शब्द जिभेवर धरला, नीट धरला, आणि सोडला.

"नाई."

कुत्र्याने डोळे मिटून घेतले. गळ्यावर जिथे केस झडले होते तिथली कातडी आक्रसली. त्याने हनुवटी उचलली आणि मागे सरकला.

"नाई! नाई... नाई!" देवतळे रडत होते, मान हलवत होते, लाळ सदऱ्यावर सांडत होती. दर शब्दाला कुत्रा आणखी वीतभर मागे जात होता.

"बाबा, चुप रहो," राधिका ओरडली. "प्लीज, चुप रहो."

"बोलू नका साहेब," गौतमने त्यांचा खांदा धरला. "नुसता हात धरून ठेवा. तोंड बंद. येईल तो. भुकेला हाय, येईल."

देवतळ्यांनी ओठ आवळले आणि हात पुढे धरला. मेजर खरंच परत आला. घासापासून चार बोटांवर थांबला. बोललं नाही म्हणजे थांबायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. पेपर वाचून होईपर्यंत थांबायची त्याची तयारी होती. दूध बोटांमधून ठिबकून फरशीवर पडलं, ते त्याने चाटलं नाही. देवतळ्यांचा हात खाली यायला लागला तेव्हा कुमुदने खालून आधार दिला. तिचं बोट घासाजवळ आलेलं पाहून कुत्र्याने मान फिरवली.

अर्ध्या तासाने त्याचे पुढचे पाय घसरले. तो आडवा झाला, तरी डोळे ओठांवरच होते. दुपारी तीनच्या सुमाराला त्या डोळ्यांतलं बघणं थांबलं. गौतम खाली बसला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "गेला." मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "असा पक्का कुत्रा मी आजपर्यंत पाह्यला नाई." आयुष्यभर ज्या शाबासकीसाठी देवतळे झुरले, ती त्यांना अशी मिळाली.

कुमुदने नवऱ्याच्या मुठीतला घास सोडवून घेतला. मूठ सुटत नव्हती, एकेक बोट उलगडावं लागलं. ती म्हणाली, "मले तो बाळू होता. तुमाले कोण होता ते तुमालेच माहीत."  

देवतळे पुढे तीन वर्षं जगले. कुमुदने त्यांचं सगळं केलं. सकाळ-संध्याकाळ ती त्यांना हाताने भरवायची, एक दिवस चुकला नाही, आणि भरवताना भिंतीकडे बघायची. माणसं पूर्वीसारखीच यायची, नमस्कार करायची आणि खुर्चीच्या बाजूने आत जायची. बसा म्हणावं, कुठे चाललात म्हणावं, मला जरा उन्हात सरकवा म्हणावं, असं देवतळ्यांना रोज वाटायचं. पण भूक आहे का, थंडी वाजते का, काही दुखतं का, हे त्यांना घरात कोणी विचारत नसे. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.